सायकल कुणाच्या मापाची?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. एका रविवारी सकाळी बोरिवलीच्या आमच्या शाळेतली नववीची बारा मुले-मुली आणि आम्ही दोन शिक्षक सायकलींवरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलो. दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता सुमारे सात किलोमीटरचा, झाडीतून जाणारा आणि शेवटी चांगलाच चढाचा. सायकली नाना तऱ्हेच्या होत्या. कुणाची स्वतःची, कुणाची दादाची, कुणी शेजारच्या काकांकडून मागून आणलेली. लेण्यांच्या पायथ्याशी बसून डबे उघडले आणि तक्रारी सुरू झाल्या.

एक मुलगी म्हणाली, "सर, गुडघ्याच्या पुढे, वाटीच्या आसपास दुखतंय. रोज शाळेत येतानाही दुखतं." ती दहिसरहून रोज सायकलने येते. दुसरा मुलगा दादाच्या सायकलवर आला होता. त्याचा गुडघा मागच्या बाजूने ओढल्यासारखा होत होता आणि कंबर भरून आली होती. तिसऱ्याने काकांची खाली वळलेल्या हॅन्डलची, शर्यतीची सायकल मोठ्या हौसेने आणली होती. त्याच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, करंगळी तर बधिरच झाली होती.

तिघेही चौदा वर्षांचे, तिघेही धडधाकट. रस्ता एकच, अंतर एकच. मग तिघांची दुखणी तीन जागी का? आणि बाकीच्या नऊ जणांना काहीच का झाले नाही?

यातल्या मुलीचा प्रश्न जरा गंभीर होता. "घरी म्हणतात, गुडघे दुखत असतील तर सायकल बंद कर, रिक्षाने जा," असे तिने सांगितले. म्हणजे एका दुखण्यापायी तिचे स्वतःच्या पायांनी शाळेत येणे थांबणार होते. दोष तिच्या गुडघ्यांचा, की आणखी कशाचा? हे शोधण्यासाठी आम्ही पुढचे तीन शनिवार शाळेच्या पटांगणात टेप, ओळंबा, कोनमापक आणि पाना घेऊन बसलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडले आहे. कोणत्याही शाळेत ते करून पाहता येईल.

गुडघा किती वेळा वाकतो?

सुरुवात मोजणीने करू या. त्या मुलीच्या सायकलच्या पुढच्या दातेरी चाकाला ४४ दाते आणि मागच्याला १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाक २६ इंची, त्याचा परीघ सुमारे २.०५ मीटर. तेव्हा एका फेऱ्यात सायकल जवळजवळ ५ मीटर पुढे जाते.

तिचे घर ते शाळा हे अंतर सुमारे ३ किलोमीटर. जाताना ६०० फेरे, येताना ६००. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला २,४०,००० फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक गुडघा एकदा वाकतो व एकदा उलगडतो. मुलांना हा हिशेब स्वतःच्या सायकलचे दाते मोजून करायला सांगा. आकडा पाहून ती थक्क होतात.

हा आकडा महत्त्वाचा आहे तो यासाठी. चालताना आपण पाऊल कधी लांब टाकतो, कधी आखूड, रस्त्याप्रमाणे शरीर चाल बदलत राहते. सायकलवर मात्र पाय एका ठरलेल्या वर्तुळात फिरतो. सीट कुठे, पायडल कुठे आणि हॅन्डल कुठे, हे यंत्राने आधीच ठरवून टाकलेले असते. त्यात दोन-चार सेंटीमीटरची चूक असेल तर ती चूक शरीर लाखो वेळा जशीच्या तशी गिरवते.

चपला घेताना आपण आकडा विचारतो. दादाची चप्पल घालून कुणी सात किलोमीटर चालणार नाही. सायकल मात्र आपण 'आहे ती' चालवतो. माणूस आणि यंत्र यांचे माप जुळवण्याच्या या कामाला आज जगभर 'बाइक फिटिंग' म्हणतात, आणि त्यामागचे शास्त्र म्हणजे जैवयांत्रिकी, अर्थात सजीवाच्या शरीराला लावलेले बलांचे आणि तरफांचे गणित.

सीट खाली असली तर

मुलीची सायकल सातवीत घेतलेली. तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशा उंचीवर सीट बसवून दिली होती. दोन वर्षांत मुलगी वाढली, सीट तेथेच राहिली. असे बहुतेक घरांत होते. पाय टेकणे म्हणजे सुरक्षितता, अशी आपली समजूत असते.

सीट खाली असली की पायडल सर्वात वर आल्यावर गुडघा खूप दुमडतो, आणि बरोबर त्यानंतरच पायडल खाली दाबण्यासाठी जोर लावावा लागतो. दुमडलेल्या गुडघ्यावर जोर लावला तर काय होते?

गुडघ्याची वाटी हे एक लहानसे हाड. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा रज्जू तिला वरून धरतो, आणि वाटीपासून निघालेला दुसरा रज्जू खाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. मांडीचा स्नायू आखडला की नडगी पुढे ओढली जाते, पाय सरळ होतो. म्हणजे दोरी कप्पीवरून जावी तसा हा ओढा गुडघ्यावरून वळण घेऊन जातो. पाय सरळ असताना दोन्ही रज्जू जवळजवळ एका रेषेत असतात. गुडघा दुमडला की त्यांच्यातला कोन लहान होतो आणि दोन्ही मिळून वाटीला मांडीच्या हाडावर दाबतात.

करून पाहा : एका दोरीच्या दोन टोकांना दोन तानकाटे लावा आणि मध्यावर तिसरा तानकाटा अडकवा. दोन मुलांनी टोकांकडचे काटे प्रत्येकी १० न्यूटन दाखवतील इतके ओढायचे. तिसऱ्याने मधला काटा धरून ठेवायचा. दोरीच्या दोन भागांतला कोन बदलत जा आणि मधल्या काट्यावरचे वाचन लिहा. गणिताने येणारी उत्तरे अशी : कोन १५० अंश असताना सुमारे ५ न्यूटन, १२० अंशांना १०, ९० अंशांना १४ आणि ६० अंशांना १७ न्यूटन.

ओढ तेवढीच, पण कोन १५० अंशांवरून ६० अंशांवर आला की मधला दाब तिपटीहून अधिक झाला. खरा गुडघा दोरीइतका साधा नाही. तो दुमडतो तसा वाटीचा टेकणारा भागही वाढतो, त्यामुळे दाब काहीसा वाटला जातो. तरीही, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट फार खाली तर नाही ना, हे फिटिंग करणारे तज्ज्ञ सर्वांत आधी पाहतात. त्याचे कारण वरच्या प्रयोगात आहे.

खाली बसवलेल्या सीटचा आणखी एक तोटा आहे. तो समजण्यासाठी कोणतेही साधन नको. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. आता मनगट पूर्ण आत वाकवा आणि पुन्हा तितक्याच जोराने मूठ आवळून पाहा. जोर लागत नाही. बोटे वाकवणारे स्नायू कोपराकडून येतात. मनगट आत वाकले की ते आधीच आखूड होतात, आणि आखूड झालेल्या स्नायूला पुरेसा जोर लावता येत नाही. स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक तंतू एकमेकांत सरकलेले असतात. ते फार कमी किंवा फार जास्त एकमेकांवर आले तर ओढ कमी पडते. मधल्या लांबीला स्नायू सर्वात ताकदवान असतो.

सायकलवरही हेच आहे. सीटची उंची बदलली की मांडीचे, नितंबाचे आणि पोटरीचे स्नायू कोणत्या लांबीवर काम करणार तेच बदलते. योग्य उंचीवर तोच माणूस, तीच सायकल आणि तोच चढ, पण दम कमी लागतो.

सीट वर असली तर

दादाच्या सायकलवर आलेल्या मुलाचे दुखणे उलटे होते. पायडल सर्वात खाली गेले की त्याचा पाय पुरत नव्हता. पाय पुरवण्यासाठी तो टाच वर उचलून चवड्याने पायडल शोधत होता, आणि तेही कमी पडले की कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवत होता. गुडघा पूर्ण सरळ झाल्याने मांडीमागचे स्नायू प्रत्येक फेऱ्यात ताणले जात होते. गुडघ्यामागची ओढ आणि भरून आलेली कंबर, दोन्हींचे मूळ एकच.

हे ओळखायला सोपे आहे. मुलाला सायकल चालवू द्या आणि आपण मागून पाहा. कंबरपट्टा तराजूच्या दांडीसारखा वरखाली होत असेल तर सीट उंच आहे. वर्गातल्या मुलांना हे निरीक्षण फार आवडते आणि ती लगेच रस्त्यावरच्या सायकलस्वारांची परीक्षा घेऊ लागतात!

मग बरोबर उंची कोणती?

यासाठी शरीराचे एक माप घ्यावे लागते. पायांतले बूट काढून मुलाला भिंतीला पाठ लावून उभे करा. पायांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मधून, तिची कड भिंतीला लावून, सीटवर बसल्यासारखी घट्ट वर सरकवा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे पायाच्या आतल्या बाजूची लांबी. तिला आपण 'पायमाप' म्हणू.

१९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या स्थिर सायकलवर सीटची उंची बदलून पाहिली. सीटचा माथा ते सर्वात खाली असलेले पायडल हे अंतर पायमापाच्या १०९ टक्के असताना, थोड्या वेळात जास्तीत जास्त जोर लावण्याची कामगिरी सर्वात चांगली होते, असे त्यांना आढळले. शर्यतींच्या जगात दुसरे एक सूत्र प्रचलित आहे. फ्रान्सची मोठी शर्यत तीनदा जिंकणारा अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्या नावाने ते ओळखले जाते. त्यानुसार क्रँकच्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायमापाच्या ०.८८३ पट ठेवावे. पायडल ज्याला जोडलेले असते त्या लोखंडी दांड्याला क्रँक म्हणतात.

दोन्ही सूत्रे एकमेकांशी जुळतात का? ७६ सेंटीमीटर पायमापाचा माणूस घेऊ. पहिल्या सूत्राने पायडलच्या पृष्ठभागापासून सीट ८२.८ सेंटीमीटरवर हवी. दुसऱ्याने क्रँकच्या अक्षापासून ६७.१ सेंटीमीटरवर. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींचा क्रँक १७ सेंटीमीटरचा असतो. तो मिळवला की ८४.१ होतात. हे अंतर पायडलच्या मध्यापर्यंतचे. पायडलचा पृष्ठभाग मध्यापासून सेंटीमीटरभर वर असतो, तो वजा केला की ८३.१. दोन वेगळ्या वाटांनी येऊन उत्तरांत फरक पडला तो अवघा तीन मिलिमीटरचा.

आता आमच्या विद्यार्थिनीकडे येऊ. तिचे पायमाप ७० सेंटीमीटर. १०९ टक्क्यांनी उंची ७६.३ हवी. प्रत्यक्षात होती ७०! म्हणजे सीट ६ सेंटीमीटर खाली.

टेप हाताशी नसेल तर जुनी युक्ती आहे. सायकल भिंतीला टेकवून वर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सर्वात खाली आणा. कंबर न झुकवता पाय नुकताच सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक उरतो.

हा वाक मोजताही येतो. मांडीच्या वरच्या टोकाशी बाहेरून हाताला लागणारे हाड, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा उंचवटा आणि घोट्याचे हाड या तीन जागी कागदाच्या टिकल्या चिकटवा. पायडल खाली असताना बरोबर बाजूने मोबाइलवर फोटो काढा आणि टिकल्या जोडून कोन मोजा. हा कोन १८० अंशांतून वजा केला की गुडघ्याचा वाक मिळतो. तो २५ ते ३५ अंश असावा, असा आजचा सर्वसाधारण सल्ला आहे. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की १०९ टक्क्यांवर बसवलेल्या प्रत्येकाचा कोन या मर्यादेत येतोच असे नाही. कारण उघड आहे. दोघांचे पायमाप सारखे असले तरी एकाची मांडी लांब आणि दुसऱ्याची नडगी लांब असू शकते, पावलांची लांबीही वेगळी असते. म्हणून सूत्राने सुरुवात करायची आणि कोनाने पडताळा घ्यायचा.

सीट वाढवताना दोन काळज्या घ्याव्यात. एकदम सहा सेंटीमीटर चढवू नये. अर्धा-एक सेंटीमीटर वाढवून दोन-तीन दिवस चालवावी, मग पुन्हा वाढवावी. स्नायूंना नव्या लांबीची सवय व्हायला वेळ लागतो. दुसरे, सीटच्या पाइपवर 'याहून वर काढू नये' अशी खूण असते, ती दिसू लागली की थांबावे. ती ओलांडली तर पाइप मोडण्याची किंवा सायकलची नळी तडकण्याची भीती असते. त्याहून उंची हवी असेल तर सायकलवाल्याकडून लांब पाइप बसवून घ्यावा.

लहान मुलाला मोठी सायकल

'वाढत्या अंगाचा' सदरा घेतात तशी मुलांना सायकलही मोठी घेण्याची पद्धत आहे. सीट खाली केली की झाले, असे वाटते. थोडे गणित करून पाहू.

क्रँक १७ सेंटीमीटरचा, म्हणजे पायडल खालून वर येते तेव्हा ते ३४ सेंटीमीटर वर चढते. पायमाप ७६ असलेल्या माणसाची सीट बरोबर असली तर वर आलेले पायडल सीटपासून ८२.८ वजा ३४, म्हणजे ४८.८ सेंटीमीटरवर असते. हे त्याच्या पायमापाच्या ६४ टक्के झाले. आता ६० सेंटीमीटर पायमापाचे मूल घ्या. सीट अगदी सूत्राप्रमाणे ६५.४ वर बसवली, तरी वरचे पायडल ३१.४ सेंटीमीटरवर येते. हे त्याच्या पायमापाच्या फक्त ५२ टक्के!

आणि आमच्या विद्यार्थिनीच्या खाली बसवलेल्या सीटवर हे प्रमाण किती होते? ७० वजा ३४, म्हणजे ३६, अर्थात ५१ टक्के. तेव्हा मोठ्या सायकलवर बसलेल्या लहान मुलाचा गुडघा, सीट बरोबर असूनही, तिच्या दुखऱ्या गुडघ्याइतकाच दुमडतो. सीट हलवून हा दोष जात नाही, त्याला आखूड क्रँकची लहान सायकलच हवी.

पुढे-मागे किती?

सीट वरखाली होते तशी थोडी पुढेमागेही सरकते. यासाठी एक पारंपरिक नियम सांगतात. दोन्ही पायडले जमिनीला समांतर आणा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. तो पायडलच्या मध्यावरून जायला हवा.

नियम सोपा आहे, प्रयोगही छान होतो. पण विचारी विद्यार्थी एक शंका काढील, आणि त्याने ती काढावीच. गुडघा पायडलच्या बरोबर वर असण्यात गुरुत्वाकर्षणाचा काय संबंध? आडवे रेलून चालवायच्या सायकली असतात, त्यांत पाय समोर असतात, गुडघा पायडलच्या वर येतच नाही. तरीही त्या उत्तम चालतात. तेव्हा हा काही निसर्गनियम नव्हे. नेहमीच्या बैठकीत वजन सीट, पायडल आणि हात यांत बऱ्यापैकी वाटले जाते, म्हणून अनुभवाने बसलेला तो ठोकताळा आहे. ठोकताळा आणि नियम यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

हात का बधिरले?

आता तिसरा मुलगा. काकांची सायकल लांब, हॅन्डल दूर आणि खाली. ते धरण्यासाठी तो इतका ताणला गेला होता की कोपर ताठ आणि अंगाचा भार थेट तळहातांवर. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यातून एक चेतातंतू जातो. तो करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची संवेदना वाहून नेतो. त्यावर सतत दाब आला की मुंग्या येतात. कोपर दाराला आपटल्यावर झिणझिण्या कुठे जातात ते मुलांना आठवायला सांगा. करंगळीकडेच! चेतातंतू तोच, फक्त दाब वेगळ्या जागी.

उपाय म्हणजे हॅन्डल जवळ आणि वर आणणे, कोपर किंचित वाकलेले ठेवणे, हातांची जागा बदलत राहणे. सीटचे टोक पुढे झुकलेले असेल तर माणूस घसरून हातांवर येतो, म्हणून सीट पाणसळने पाहून जवळजवळ सपाट ठेवावी.

वाकून बसल्यावर मानेवरही ताण येतो. डोक्याचे वजन चार-पाच किलो. पाठ आडवी करून समोर पाहायचे तर ते मानेच्या मागच्या स्नायूंनी उचलून धरावे लागते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत असते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. एका फेऱ्यात ६ मीटर धरले तरी हे आठ लाख फेरे होतात. या शर्यतीत मानेचे स्नायू इतके थकतात की काहींना डोके वर धरताच येत नाही. १९८३ मध्ये मायकेल शर्मर या स्पर्धकाला असे झाले, तेव्हापासून या अवस्थेला त्याचेच नाव पडले आहे. इतक्या लांब पल्ल्यात बैठकीतला बारीक दोषसुद्धा लपून राहत नाही.

मग शर्यतीतले लोक वाकतात तरी का? हवेच्या विरोधामुळे. वेग दुप्पट झाला की हवेला कापण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. वाकल्याने हवेसमोर येणारे शरीर लहान होते. स्कॉटलंडच्या ग्रेम ऑब्री याने १९९३ मध्ये हात छातीखाली दुमडून घेण्याच्या स्वतःच्या अजब बैठकीत एका तासात ५१.५९६ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या बैठकीवर बंदी घातली! पण घाटकोपर किंवा अंधेरीच्या गर्दीत आपला वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर. तेथे हवेपेक्षा रिक्षा आणि खड्डे महत्त्वाचे. मान वर, नजर लांब आणि पाठ थोडीशीच झुकलेली, ही आपल्या रस्त्यांवरची शहाणी बैठक.

बसायची जागा

आपण सीटवर खरे तर दोन हाडांवर बसतो. ओटीपोटाच्या हाडांची ती खालची टोके. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक बाकावर ठेवा, त्यावर थोडे पुढे वाकून दोन मिनिटे बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा. सीटचा मागचा भाग याहून थोडा रुंद हवा, म्हणजे भार हाडांवर येतो, मधल्या नाजूक भागावर नाही. सर्वसाधारणपणे स्त्रियांचे हे अंतर थोडे जास्त असते. फार मऊ, गुबगुबीत सीट सुरुवातीला सुखाची वाटते, पण हाडे तिच्यात रुततात आणि मधला भाग दाबला जातो. जाड गादी म्हणजे आराम, हे येथे खरे नाही.

तज्ज्ञ काय करतात?

मुंबईत आता पैसे घेऊन शास्त्रशुद्ध फिटिंग करून देणारे तज्ज्ञ आहेत. ते ग्राहकाला सायकलसह एका स्थिर चौकटीवर बसवतात, सांध्यांवर चमकत्या खुणा लावतात आणि चालू पायांचे चित्रण करून संगणकावर कोन मोजतात. काही ठिकाणी सीटवर दाब मोजणारी पातळ गादी अंथरतात. मात्र त्याआधी ते जुनी दुखापत, रोजचे अंतर, शरीराची लवचीकता यांची चौकशी करतात. आपल्या टिकल्या आणि मोबाइल यांच्यामागचे तत्त्व हेच आहे, अचूकता कमी इतकेच. रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याला तज्ज्ञाची गरज असते. शाळेत येणाऱ्या मुलीचे काम टेप आणि पान्यावर भागते.

माणसाच्या शरीराला अनुसरून वस्तू घडवण्याचे शास्त्र मुंबईला नवे नाही. पवईच्या आय.आय.टी.मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून आहे. भारतीयांच्या शरीराची मापे एकत्र करणारा देवकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशातल्या प्रौढ पुरुषांवरून बसवलेली सूत्रे आपल्या मुलींना लावताना पडताळा का घ्यायचा, हे यावरून लक्षात यावे.

माप कामाचेही

शेवटी एक प्रश्न. स्टेशनकडे निघालेला, डब्यांनी लगडलेली सायकल चालवणारा डबेवाला पाहा, किंवा पहाटे पाव घेऊन येणारा पाववाला. त्यांची सीट सूत्राहून खाली दिसली तर ती चुकली म्हणायची का?

नाही. दर इमारतीपाशी त्यांना थांबावे लागते. तीस-चाळीस किलोंचा भार असलेली सायकल थांबताना एका बाजूला कलली तर ती सावरायला पाय चटकन आणि पूर्ण जमिनीवर टेकायला हवा. तेथे गुडघ्याच्या सोयीपेक्षा तोल मोठा. नव्याने शिकणाऱ्या मुलालाही सुरुवातीला खाली सीटच बरी. माप शरीराचे असते तसे कामाचेही असते. पण सिग्नलला थांबण्यासाठी सीट खाली हवीच असे नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, हे तंत्र मुलांना पटांगणात दहा मिनिटांत येते. सीट वर करण्याआधी ते शिकवावे.

आमच्या विद्यार्थिनीने ते शिकून घेतले. सीट तीन आठवड्यांत हळूहळू ६ सेंटीमीटर वर गेली. दुखणे महिन्याभरात थांबले. एका मुलीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हेही आम्ही वर्गात बोललो. वाढत्या वयात गुडघे इतर कारणांनीही दुखतात. सूज असेल, रात्री दुखत असेल, लंगडावे लागत असेल तर सीटशी खेळत न बसता डॉक्टरांकडेच जावे.

बारा जणांची मापे आम्ही एका तक्त्यात लिहिली होती : पायमाप, सीटची उंची, दोहोंचे प्रमाण, तक्रार. बारापैकी सात जणांच्या सीटा प्रमाणापेक्षा खाली होत्या. त्यांतल्या सहा जणांना काहीच दुखत नव्हते, ही गोष्टही तक्त्यात तशीच ठेवली. येत्या जूनमध्ये मुले पुन्हा मापे घेणार आहेत. कारण सायकल तीच राहील, पण मुले तोवर दोन-तीन सेंटीमीटर वाढलेली असतील.